रेषेच्या पस्तीस हजार पलीकडे

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मी एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात आहे, पत्नी खासगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून वर्षाचे उत्पन्न आठ लाख पस्तीस हजार. आम्ही इतर मागासवर्गात मोडतो. मुलीला यंदा कॅप राउंडमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) हिंगणा रोडवरच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, वर्षाची फी एक लाख अडतीस हजार. शेजाऱ्यांची मुलगी त्याच वर्गात आहे. त्यांचे इतवारीत चालते दुकान आहे. दारात चारचाकी उभी आहे, तरी तिची फी माफ झाली. तहसील कार्यालयाबाहेर बसणारा एक जण मला सात लाख ऐंशी हजारांचा दाखला काढून देतो म्हणतो. पाचशे रुपये आगाऊ दिले आहेत. मुलगी जर्मनीचे उदाहरण देते आणि म्हणते, विद्यापीठाचे शिक्षण सगळ्यांनाच मोफत करा, म्हणजे कोणालाच खोटे बोलावे लागणार नाही. मी म्हणतो, करोडपतीच्या पोराची फी माझ्या करातून का? आठ दिवस घरात अबोला आहे. बरोबर कोणाचे?"

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात दलालाला दोन वाक्ये मिळाली आहेत आणि शेजाऱ्यांच्या वाट्याला तीन आली आहेत. त्यावरून राग नेमका कुठे साचला आहे ते कळते. तो राग अनाठायी नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. दलालाचा विषय मागे ठेवतो, कारण त्यात वाद घालण्यासारखे फारसे काही नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील ज्या मुलींच्या घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याआधी ही सवलत निम्मी होती. अट एवढीच की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा; व्यवस्थापन कोट्यातील जागा आणि खासगी विद्यापीठे यातून वगळली आहेत. निर्णय चांगला आहे, आणि त्यामुळे ज्या घरांत बारावीनंतर मुलीचा विषय संपत असे, तिथे तो पुढे सरकला, हे मी ओळखीच्या घरांत पाहिले आहे. पण या निर्णयाला पायऱ्या नाहीत, थेट कडा आहे. सात लाख नव्याण्णव हजार उत्पन्नाच्या घराला शिक्षण शुल्क शून्य, आणि दोन हजारांची पगारवाढ झालेल्या घराला ते संपूर्ण. दोन हजारांची वाढ लाखभराला पडते.

तुम्ही लेखा विभागात आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. नव्या कर पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर आयकर लागत नाही. बारा लाख दहा हजार झाले तर टप्प्यांनुसार कर साडेएकसष्ट हजार येतो, पण सीमांत सवलत मिळून तो दहा हजारांवर थांबतो, उपकर वेगळा. म्हणजे रेषा ओलांडताना माणसाच्या हाती आधीपेक्षा कमी उरू नये, ही अक्कल सरकारी कायद्यात आहे. ती आयकराच्या बारा लाखांना लावली आणि फीच्या आठ लाखांना लावली नाही. तुमचा राग शेजाऱ्यांवर निघतो आहे, पण त्याचा खरा पत्ता हा आहे.

याच अनुषंगाने एक खुलासा, कारण यात बरेच पालक गोंधळतात. राखीव जागेसाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्राची मर्यादाही आठ लाखांचीच आहे, पण तिथे पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न मोजणीतून वगळले जाते. फी सवलतीसाठी मात्र आईवडिलांचे एकत्रित उत्पन्न धरतात. राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्या मुलीला फीची सवलत नाकारली गेली, की लोक कार्यालयात येऊन बाबूशी भांडतात. बाबूची चूक नसते. ते दोन वेगळे आठ लाख आहेत.

मी नागपुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात सव्वीस वर्षे काढली, त्यांतली अकरा शिष्यवृत्तीच्या टेबलावर. उत्पन्नाचे दाखले मी गठ्ठ्यांनी पाहिले. नोकरदाराच्या दाखल्यावरचा आकडा नेहमी वेडावाकडा असे, सहा लाख त्रेचाळीस हजार सातशे वगैरे, कारण तो पगारपत्रकातून उचललेला असे. दुकानदाराचा आणि वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्याचा आकडा गोल असे, आणि तो मर्यादेच्या थोडा अलीकडे थांबलेला असे. यावरून तुमच्या शेजाऱ्यांनी लबाडी केली असा निष्कर्ष मी काढणार नाही आणि तुम्हीही काढू नका. चारचाकी कर्जावर असू शकते, दुकान भावाभावांत वाटलेले असू शकते, इतवारीतल्या गल्ल्यावर किती उरते हे बाहेरच्याला कळत नाही. पण पगार दिसतो आणि गल्ला दिसत नाही, ही गोष्ट खरी आहे, आणि पुढचा सगळा वाद तिच्याभोवतीच फिरतो.

आता मुलीचे म्हणणे. ते तुम्ही समजता त्याहून पक्के आहे. सगळ्यांना मोफत म्हटले की दाखला संपतो, दाखल्याबरोबर तहसीलबाहेरचे टेबलही संपते, आणि कोणाचे किती कमी हे सिद्ध करण्यासाठी सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना रांगेत उभे राहावे लागत नाही. आणखी एक बाजू तिने मांडली नसेल, ती मी मांडतो: ज्या सेवेत सधन माणसाचे पोरही असते, त्या सेवेकडे लक्ष राहते. महापालिकेच्या शाळांतून मध्यमवर्गाने मुले काढून घेतल्यावर त्या शाळांचे काय झाले, हे महाल आणि सक्करदऱ्यातल्या जुन्या लोकांना विचारा. जर्मनीचे तिचे उदाहरणही चुकीचे नाही. तिथल्या काही राज्यांनी २००६ पासून सत्राला पाचशे युरोपर्यंत शुल्क लावून पाहिले आणि २०१४ पर्यंत सर्वांनी ते मागे घेतले. मात्र तिथे शाळेतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात आणि मोठा वर्ग कारखान्यातल्या प्रशिक्षणाकडे वळतो, ही जोडओळ तिला सांगा.

तुमच्या बाजूने बोलणारा साक्षीदार मात्र जर्मनीचा नाही, पुण्याचा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी विचारले होते, की सरकारचा महसूल जर शेतकऱ्याच्या घामातून येतो, तर तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का उधळला जातो आणि शेतकऱ्याच्या पोराच्या प्राथमिक शाळेला काही का मिळत नाही. एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली, प्रश्न शिळा झालेला नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातले उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे ढोबळ प्रमाण २८.४ टक्के आहे; म्हणजे अठरा ते तेवीस वयाची बहुसंख्य पोरे महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर आहेत, आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत शेडमध्ये काम करणारे पोर साबणाच्या वडीवर आणि मोबाइलच्या रिचार्जवर जो कर भरते, त्यातूनही विद्यापीठ चालते.

इथे तुमच्या एका वाक्याला हरकत घ्यावी लागेल. तुम्ही 'माझ्या करातून' असे लिहिता. तुमचा आणि पत्नीचा पगार वेगवेगळा धरला जातो, आणि दोघांपैकी कोणीही बारा लाखांच्या जवळ नाही. नव्या पद्धतीत तुमच्या घराला आयकर लागत नाही. तुम्ही भरता तो कर बुटीबोरीच्या त्या पोराइतकाच वस्तूंच्या किमतीत दडलेला आहे. करोडपतीच्या मुलाची फी तुम्ही का भरायची, हा प्रश्न रास्तच आहे; पण तुमच्या मुलीची फी त्या पोराने का भरायची, हा प्रश्नही त्याच पंगतीत बसतो.

मोफत शिक्षणाला आणखी एक बाजू आहे, आणि ती महाराष्ट्राने अनुभवली आहे. १९८३ पूर्वी अभियांत्रिकीची फी हा फारसा चर्चेचा विषय नव्हता, कारण जागाच मोजक्या होत्या. नागपुरात १९६० साली सुरू झालेले विश्वेश्वरय्या महाविद्यालय होते, जे आज व्हीएनआयटी म्हणून ओळखले जाते. तिथे नंबर लागला नाही तर ज्यांची ऐपत होती ते देणगी भरून कर्नाटकात जात आणि उरलेले बी.एस्सी. करत. वसंतदादा पाटलांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा जागा वाढल्या आणि त्यांच्याबरोबर फी आली. हिंगणा रोडवर तुमची मुलगी ज्या वर्गात बसते तो वर्ग त्या निर्णयाचा नातू आहे. स्कॉटलंडमध्ये आजही स्थानिक विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क नाही, पण सरकार जेवढ्या जागांचे पैसे देते तेवढ्याच जागा त्यांच्यासाठी असतात, आणि चांगले गुण असलेली मुलेही बाहेर राहतात. 'मोफत' आणि 'मोजके' हे दोन शब्द बरेचदा एकाच घरात राहतात, हे मुलीला सांगताना 'म्हणून फी हवीच' असा शेवट करू नका; तिला स्वतःला विचार करू द्या.

मग आधी शिका, नंतर फेडा, हा मार्ग? ऑस्ट्रेलियाने १९७४ साली फी रद्द केली आणि १९८९ साली ती दुसऱ्या रूपात आणली: शिकताना काही भरायचे नाही, नोकरी लागून पगार ठरावीक रेषेवर गेला की करासोबत थोडे थोडे कापले जाईल. कागदावर मला ही पद्धत सगळ्यांत न्याय्य वाटते. पण ती चालते ती प्रत्येकाचे उत्पन्न कर खात्याला दिसते म्हणून. आपल्याकडे पदवी घेऊन मुलगी कंपनीत लागली तर तिचे कापले जाईल. तीच पदवी घेऊन घरच्या धंद्यात बसलेल्या मुलाचे उत्पन्न कायम रेषेखाली राहील. पुन्हा तोच पगार आणि तोच गल्ला.

या सगळ्या चर्चेत फी हा शब्द इतक्या वेळा येतो, की वाटावे दारावर तेवढेच एक कुलूप आहे. माझ्या टेबलापुढे एकदा कुही तालुक्यातला एक मुलगा येऊन उभा राहिला. अनुसूचित जातीचा, भारत सरकारची शिष्यवृत्ती मंजूर, भरलेली फी शून्य. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. त्याने ग्रंथालयाचे कार्ड टेबलावर ठेवले आणि विचारले, "सर, अनामतीचे तीनशे रुपये परत भेटतील का?" नंदनवनात तिघांत घेतलेली खोली दोघांनी सोडली होती, पूर्ण भाडे त्याच्यावर आले होते, मेसवाल्याचे दोन महिने थकले होते. शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता यायचा तो फेब्रुवारी-मार्चात. मी अर्ज लिहून घेतला, सही घेतली, तीनशे रुपये दिले. तो पुढे आला नाही. त्याच्यासाठी शिक्षण मोफतच होते.

आता वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, नागपुरात राहणाऱ्याला त्यातून वर्षाला साठ हजारांपर्यंत मदत मिळते, आणि इतर मागासवर्गासाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना त्याच धर्तीवर आहे. पैसे वेळेवर खात्यात पडले तर या योजना फी माफीइतक्याच मोठ्या आहेत. 'तर' या शब्दावर किती मुले परत गेली, ते त्या टेबलावर बसलेल्यालाच ठाऊक.

तुम्ही माझे मत विचारले आहे, ते देतो. सरकारी आणि अनुदानित कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांत शिकवणी शुल्क कोणाकडूनच घेऊ नये. तिथे येणारी मुले बहुतेक तालुक्याची आहेत, रक्कम मुळात लहान आहे, आणि तिच्यासाठी चालणारा कागदांचा कारखाना तिच्याहून महाग पडत असावा असा माझा अनुभव आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी मात्र मी फुल्यांच्या बाजूने उभा राहीन: दोन वर्षे महागड्या शिकवण्या लावून जागा मिळवलेल्या घराने थोडे भरावे. आणि खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत सर्वांना मोफत म्हणजे संस्थाचालकाचे बिल शासनाने चुकते करायचे. तिथे माफी नको, उतार हवा. आठ लाखांपर्यंत पूर्ण सवलत, त्यापुढे उत्पन्न वाढेल तशी ती कमी कमी होत बारा लाखांशी संपावी. यात तुमची मुलगी निम्मी बरोबर ठरते आणि तुम्हीही निम्मे. अबोला सोडण्यासाठी एवढे पुरेसे असावे.

आता दलाल. सात लाख ऐंशी हजारांचा दाखला घेऊ नका. पकडले जाण्याची भीती खरी आहे. तुमचा पगार फॉर्म १६ वर आणि पॅनवर उमटलेला आहे, आणि दाखला खोटा निघाला तर सवलत वसूल होते, प्रवेश धोक्यात येतो, फौजदारीही होऊ शकते. पण माझे कारण वेगळे आहे. महाडीबीटीवरचा, म्हणजे शासनाच्या सवलतींच्या संकेतस्थळावरचा, अर्ज तुमच्या नावाने जात नाही. तो तिच्या नावाने, तिच्या आधारने, तिच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने जातो, आणि खालचे 'वरील माहिती खरी आहे' हे घोषणापत्र तिचे असते. कोणालाच खोटे बोलावे लागू नये म्हणून जी घरात आठ दिवस भांडते आहे, तिच्याच हाताने तुम्ही ते खोटे भरून घेणार आहात. तिला हे सांगितले आहे का? पत्रात तसे कुठे दिसत नाही.

पैशांची व्यवस्था अवघड आहे, अशक्य नाही. चार वर्षांचे साडेपाच लाख होतात. पहिल्या वर्षाची फी साठवणुकीतून भरा आणि पुढच्या वर्षांसाठी राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावाने, तुम्ही सहकर्जदार राहून, शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पतहमी योजनेमुळे सहसा तारण मागत नाहीत, आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर नंतरचा बोजा बराच उतरतो. पीएम विद्यालक्ष्मी योजनेतली तीन टक्के व्याज सवलत आठ लाखांच्या आतल्या घरांनाच आहे, म्हणजे तिथेही तुम्ही त्याच पस्तीस हजारांनी बाहेर. बँकेतला कोणी कलम ८०-ई ची, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची, वजावट दाखवून जास्त कर्ज गळ्यात मारू लागला तर त्याला सांगा, की ती वजावट जुन्या कर पद्धतीत मिळते आणि तुम्हाला मुळात करच लागत नाही. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका.

महाविद्यालयाच्या पावतीवरची एक-एक ओळ मुलीला घेऊन वाचा: शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, आणि त्यांची बेरीज शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या वर्षासाठी मंजूर केलेल्या आकड्याशी जुळते का. तो आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. जास्त घेतले असेल तर लेखी विचारा. शेजाऱ्यांच्या मुलीलाही विकास शुल्क भरावे लागले असणार, कारण माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. त्यांची पावतीही अगदी कोरी नाही. दोघी एकाच बसने हिंगण्याला जात असतील, तर वडिलांच्या उत्पन्नाचा विषय त्या बसमध्ये शिरू देऊ नका.

आणि दलालाला दिलेले पाचशे रुपये गेले असे समजा. तुमच्या पगारपत्रकाच्या किंवा मुलीच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स त्याच्याकडे असतील, तर त्या मात्र उद्याच जाऊन परत आणा.